टॅक्स नाही म्हणून न्यू हॅम्पशायर? आधी तळघरात उतरा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सेल्स टॅक्स नाही, व्याज-डिव्हिडंडवरचा करही 2025 पासून गेला. पण नोकरी बोस्टनला असेल, तर तिथे जाऊन केलेल्या कामाच्या कमाईवर शेजारचं मॅसॅच्युसेट्स राज्य 5 टक्के घेतंच. शिवाय गावची शाळा चालते ती मुख्यतः घरपट्टीवर. हजारी 20 डॉलर दर धरला, तर साडेचार लाखांच्या घराला वर्षाचे 9,000. दर गावागणिक बदलतो, म्हणून घर पसंत पडलं की मागच्या वर्षीचं बिल मागा. नव्या गाडीलाही पहिल्या वर्षी छापील किमतीच्या हजारामागे 18 डॉलर गावाला द्यावे लागतात. 40,000च्या गाडीला 720.

खेड्यातल्या बऱ्याच घरांत पाइपचा गॅस नसतो, घर गरम ठेवायला तळघरात तेलाची टाकी असते. 275 गॅलनच्या टाकीत प्रत्यक्षात साधारण 250च बसतं. काटा पावावर आला की लगेच फोन करा, कारण वादळानंतर तेलाचा ट्रक कधी येईल याचा नेम नसतो. टाकी पूर्ण संपली, तर तळाचा गाळ फिल्टरमध्ये जातो, नळीत हवा शिरते आणि तेल भरूनही बर्नर पेटत नाही. आधी ती हवा काढावी लागते. अडीअडचणीला पंपावरचं 5 गॅलन डिझेल ओतलं तरी रात्र निघते. टाकी घराबाहेर असेल तर कडाक्यात तेल घट्ट होतं, तिथे केरोसीन मिसळलेलं मागवा.

डिसेंबरात पुण्याला जाताना हीटिंग बंद करू नका. 55 फॅरनहाइटवर ठेवा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि शेजाऱ्याला किल्ली द्या. पाइप फुटतो तेव्हा कळत नाही. आतला बर्फ वितळला की तळघरात तळं होतं.

वीज गेली की विहिरीचा पंपही थांबतो, म्हणजे पाणीही गेलं. वादळाआधी बादल्या, पातेली भरून ठेवा. जनरेटर गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

विहिरीच्या पाण्यात इथल्या खडकामुळे आर्सेनिक आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू सापडतात. सार्वजनिक पाण्याला आर्सेनिकची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, खाजगी विहिरीला मात्र कुणी विचारत नाही. आपल्याकडची पाणी उकळायची सवय इथे उलटी पडते: पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं. म्हणून घराचा करार पक्का करण्याआधीच पाणी लॅबमध्ये तपासून घ्या. आर्सेनिक निघालंच, तर वरणभाताच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी सिंकखाली आरओ बसवता येतो.