नौकायन आणि नौकानयन: एका 'न'चा फरक

तुमचा प्रश्न असा: 'सुट्टीत आम्ही तलावात नौकायन केलं' या तुमच्या वाक्यात कुणीतरी 'नौकायन' खोडून 'नौकानयन' केलं. मूळ शब्दात मुद्रणदोष होता का?

दोष नव्हता. एक 'न' गळून नौकायन झालेलं नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत. नौका आणि अयन यांचा संधी होऊन नौकायन होतो. अयन म्हणजे जाणं, मार्गक्रमण. दक्षिणायनात आणि उत्तरायणात तेच अयन आहे. उत्तरायणातला 'ण' मागच्या 'र'मुळे आला. नौकेत 'र' नाही, म्हणून इथे 'न' तसाच राहिला.

नौकानयनातल्या 'नयन'चा डोळ्यांशी संबंध जोडू नका. तो 'नी' या धातूपासून आला आहे, अर्थ नेणं. नेता, नायक, उपनयन ही सगळी त्याचीच भावंडं. (डोळ्याला नयन म्हणतात तेही याच धातूवरून, पण तो वेगळा विषय.) म्हणजे एकात जाणं आहे, दुसऱ्यात नेणं. होडीत बसलेला उतारू जातो, तांडेल होडी नेतो. वारा कुठून येतोय, ओहोटी कधी लागेल, खडक कुठे दडलाय, हे ओळखून सुकाणू धरणं म्हणजे नौकानयन. मला हा शब्द फार आवडतो. त्यात माणसाचं कौशल्य आहे, जबाबदारी आहे, आणि 'होडीत बसणं' एवढ्यावर त्याला आणून ठेवलेलं पाहून वाईट वाटतं.

व्यवहारात मात्र सीमा इतक्या स्वच्छ नाहीत. हिंदीत रोइंगला सर्रास नौकायन म्हणतात आणि तिथूनच हा शब्द आपल्या बातम्यांत डोकावतो. मराठी क्रीडापानांवर नौकानयन रूढ आहे. 2018च्या आशियाई स्पर्धेत दत्तू भोकनळ आणि त्याच्या तीन साथीदारांनी सुवर्ण जिंकलं, तो प्रकार नौकानयनातला. तिथे हा शब्द शोभतोही, कारण त्या होडीत नुसता बसून जाणारा कुणी नसतो. चौघांच्याही हातात दोन-दोन वल्ही, दिशा द्यायला वेगळा माणूस नाही. अडचण एवढीच की शिडाच्या होड्यांच्या शर्यतींनाही आपण नौकानयनच म्हणतो, मग वाचकाला वल्ह्यांचा खेळ की वाऱ्याचा ते कळत नाही. अशा वेळी मी सरळ 'रोइंग' किंवा 'शिडाच्या होड्यांची शर्यत' लिहितो.

मालाच्या किंवा प्रवाशांच्या जहाजवाहतुकीसाठी नौवहन हा तिसरा शब्द आहे. त्यातला धातू 'वह्', वाहून नेणं. जुन्या कंपन्यांच्या इंग्रजी नावांत 'नॅव्हिगेशन' असे, उदाहरणार्थ 1919 साली स्थापन झालेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. तिथे अर्थ जहाजवाहतुकीचा होता, त्यामुळे अशा नावांचं भाषांतर करताना डोळे झाकून नौकानयन लिहू नये.

आता तुमचं वाक्य. दुसरं कुणी वल्हवत होतं आणि तुम्ही पाण्यात हात बुडवून बसला होतात, तर मी दोन्ही शब्द काढून 'नौकाविहार' लिहीन. वल्ही तुमच्या हातात होती, तर खोडणाऱ्याचं नौकानयन राहू द्या.