वाचकांचे प्रश्न : खर्चाची कॅटेगरी शोधणारे टूल आणि त्याचे वर्णन

प्रश्न : घरखर्चाच्या हिशेबासाठी मी एक छोटे टूल लिहिले आहे. नाव दिले की ते आमच्या यादीतील कॅटेगरी, तिचा क्रमांक, चालू महिन्याची तरतूद आणि शिल्लक परत देते. एआय एजंट (आपल्या वतीने कामे करणारा एआय प्रोग्रॅम) हे टूल एमसीपीमार्फत, म्हणजे एजंट आणि टूल यांना जोडणाऱ्या ठरावीक पद्धतीने चालवतो. पण कधी तो टूलला न विचारता क्रमांक मनानेच ठोकून देतो, तर कधी कॅटेगरीच्या जागी दुकानाचे नाव पाठवतो. टूलच्या वर्णनात मी ‘कॅटेगरी शोधते’ एवढेच लिहिले आहे. आणखी काय लिहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ त्या दोन शब्दांच्या वर्णनात आहे. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एमसीपी या पद्धतीत एजंटच्या हाती टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा, एवढेच प्रामुख्याने पडते. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. माणूस अडला तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, एजंट मात्र बहुधा अंदाज बांधून पुढे जातो. म्हणून टूल काय करत नाही, हेही स्वच्छ शब्दांत सांगावे लागते.

यादीत असलेली कॅटेगरी शोधणे आणि एखादा व्यवहार कोणत्या कॅटेगरीत बसतो हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. कार्डाच्या व्यवहारात दुसऱ्या कामासाठी काही आधार मिळतो, कारण आयएसओ १८२४५ या मानकानुसार व्यापाऱ्यांना चार अंकी कोड असतात : किराणा व सुपरमार्केटसाठी ५४११, उपाहारगृहांसाठी ५८१२, औषधांच्या दुकानांसाठी ५९१२. यूपीआयच्या व्यापारी क्यूआरमध्येही असा कोड असतो. परंतु कोपऱ्यावरचा वाणी आपल्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर पैसे घेत असेल, तर तो व्यवहार व्यक्तीकडून व्यक्तीकडे गेलेला ठरतो आणि दुकानाचा प्रकार त्यातून कळत नाही. हे काम स्वतंत्र टूलकडे द्यावे आणि आपल्या टूलचे वर्णन साधारण असे लिहावे :

‘वापरकर्त्याच्या यादीतील खर्चाची कॅटेगरी नावावरून शोधते. कॅटेगरीचा क्रमांक लागणारे कोणतेही काम करण्याआधी हे टूल वापरावे. क्रमांक अंदाजाने देऊ नये. येथे दुकानाचे नाव किंवा व्यवहाराचा तपशील पाठवू नये. एकाहून अधिक कॅटेगरी जुळल्यास सर्व परत येतात. अशा वेळी वापरकर्त्याला विचारावे. हे टूल कोणतीही नोंद बदलत नाही. रकमा पैशांत आहेत : १२५००० म्हणजे १,२५० रुपये.’

शेवटचे वाक्य गाळू नये. काही प्रणाली रकमा पैशांत ठेवतात, तर वायनॅब या अंदाजपत्रकाच्या सेवेचा एपीआय (इतर प्रोग्रॅमना माहिती देणारा दुवा) त्या चलनाच्या हजाराव्या भागात देतो. एकक लिहिलेले नसेल, तर किराण्याच्या खात्यात साडेबाराशे रुपये उरलेले असताना एजंट सव्वा लाख शिल्लक असल्याचे बिनदिक्कत सांगेल, आणि त्या उत्तराच्या भाषेत शंकेला कोठेही जागा नसेल.

काहीच सापडले नाही, तर रिकामी यादी परत देऊ नये. ‘वाणसामान या नावाची कॅटेगरी नाही, जवळची नावे : किराणा, दूध-भाजी’ असा संदेश द्यावा. एमसीपीमध्ये टूलची चूक उत्तराच्या आतच कळवण्याची सोय आहे, त्यामुळे एजंट ती वाचून दुसऱ्या खेपेस योग्य नाव पाठवू शकतो. त्रुटींचे संदेश हे वर्णनाचेच पुढचे पान आहे, असे समजून ते लिहावेत.

प्रश्न : आमच्या कॅटेगरींची नावे मराठीत आहेत. ‘दुसऱ्यांना उसने’ ही कॅटेगरी यादीत डोळ्यांना दिसते, तरी टूलला सापडत नाही. हेही वर्णनात लिहावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, हा दोष कोडमध्ये दूर करावा. ‘ऱ्य’ हे अक्षर दोन प्रकारे टंकलिखित होते : एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकातील नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) मात्र त्यांना एक करत नाही, त्यामुळे तुलनेपूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे लागते. वर्णनात लिहिण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : किराण्याला घरातले कोणी वाणसामान म्हणत असेल, कोणी नुसतेच सामान म्हणत असेल, तर ही पर्यायी नावे प्रत्येक कॅटेगरीला जोडावीत आणि टूल तीही तपासते, असे एका वाक्यात सांगावे.

प्रश्न : भिशीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल एजंट दर महिन्याला वेगवेगळ्या कॅटेगरींत टाकतो. त्याला कसे आवरावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रत्येक कॅटेगरीसोबत एक टिपण ठेवावे आणि टूलच्या उत्तरात ते परत द्यावे. कार्डाच्या बिलाचे टिपण सोपे आहे : कार्डावरच्या खरेदीची नोंद आधीच झालेली असते, म्हणून बिल भरणे हा खर्च न धरता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेला भरणा धरावा, नाहीतर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. भिशीचे तसे नाही. आपली पाळी येईपर्यंत भरलेले हप्ते ही बचत असते, आणि पाळी येऊन रक्कम उचलल्यानंतरचे हप्ते घेतलेल्या पैशांची परतफेड ठरतात. त्यामुळे एकच भिशी वर्षाच्या मध्यावर आपले स्वरूप बदलते. दोन्हींसाठी एकच कॅटेगरी ठेवायची की दोन, हा निर्णय एजंटवर सोडू नये. दोन ठेवल्यास रक्कम कोणत्या महिन्यात उचलली ते टिपणात लिहावे. मात्र भिशीतल्या इतर सभासदांची नावे आणि बँक खात्यांचे क्रमांक त्यात घालू नयेत, कारण टूलने परत दिलेला मजकूर एजंट चालवणाऱ्या सेवेकडेही पोहोचतो.