अर्धगटातला ‘अर्ध’ केवढा?

प्रश्न आलाय : ‘संतत फलनांचा अर्धगट’ असं वाचलं. अर्धगट म्हणजे गटाचा अर्धा भाग का? मग उरलेला अर्धा कुठे गेला?

तो शोधू नका, सापडायचा नाही. मराठीत ‘अर्ध’ दोन तऱ्हांनी वागतो. अर्धशतकात तो मोजून निम्मा. एकोणपन्नासवर बाद झालात तर हुकलं. अर्धपारदर्शक, अर्धवाहक यांत मात्र मापाचा संबंध नाही, ‘पुरता नव्हे’ एवढंच सांगायचंय. अर्धगट या दुसऱ्या घरातला.

पुरता का नव्हे? गणितातला गट म्हणजे नुसता जमाव नव्हे, काही ठरावीक अटी पाळणारा संच. त्या अटी एकेक तपासू. संख्यारेषेवरची संतत फलनं घ्या. फलन म्हणजे एका संख्येवरून दुसरी संख्या देणारा नियम, आणि संतत म्हणजे ज्याचा आलेख कुठे तुटत नाही असा. एकामागून एक लावली की पुन्हा संतत फलनच मिळतं. तीन लावताना कंस कुठेही घाला, उत्तर तेच. काहीच न बदलणारं फलनही त्यांत आहे. अडतं ते परतीला. वर्ग करणारं फलन २ आणि −२ दोघांनाही ४ वर नेऊन बसवतं. ४ वरून आता कुणाकडे परतायचं? गटात प्रत्येकाला परतीची वाट लागतेच, अर्धगटात ती अट नाही. कमी झाल्या त्या अटी, सभासद नव्हेत. उलट घन करणाऱ्या फलनासारखी, परत फिरवता येणारी सगळी फलनं याच अर्धगटात आपला स्वतंत्र गट करून असतात. अख्खा अर्ध्याच्या पोटात!

आणि स्थिर फलनं, म्हणजे काहीही घातलं तरी एकच उत्तर देणारी, बिनकामाची समजू नका. आधी कुठलंही फलन लावा, स्थिर फलनाचं उत्तर हलत नाही. हा गुण दुसऱ्या कुणात नाही. असं एकेक फलन म्हणजे रेषेवरचा एकेक बिंदू. म्हणून फलनांच्या नुसत्या गुणाकारावरून (इथे गुणाकार म्हणजे एकामागून एक लावणं) बिंदू ओळखता येतात. रेषेऐवजी कुठलाही टोपॉलॉजिकल अवकाश, म्हणजे संतत कशाला म्हणायचं हे ठरवता येतं असा बिंदूंचा संच, घेतलात तरी हे खरं.

शब्दाचं मूळ फ्रेंच. १९०४ मध्ये द सेगिए या फ्रेंच गणितज्ञांनी ‘सेमी-ग्रूप’ वापरला, अर्थात थोड्या वेगळ्या व्याख्येने. त्यातल्या लॅटिन ‘सेमी’चं सख्खं भावंड संस्कृतात आहे : ‘सामि’. सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं. याउलट पाणिनीच्या ‘अर्धं नपुंसकम्’ (२.२.२) या सूत्रातला अर्ध नेमका समान भागाचा, अर्धपिप्पली म्हणजे निम्मी पिंपळी. या हिशेबाने ‘सामिगट’ जास्त नेटका ठरला असता. पण पाणिनी सामिचा समास ‘कृत’सारख्या रूपांशीच लावतो (२.१.२७), तेव्हा वैयाकरण तिथेही अडवणारच. मी अर्धगटच लिहितो. बोलताना मात्र तोंडात ‘सेमीग्रुप’च येतं.