समुपदेशनाची शिक्षा, की अट?

सुदामानगरातून एका ताईंनी विचारलं आहे. अमेरिकेतले राजकीय भाष्यकार दिनेश डिसूझा यांच्या खटल्यावर लिहिताना ‘कोर्टाने त्याला समुपदेशनाची शिक्षा दिली’ असं वाक्य त्यांनी लिहिलं, आणि ते यजमानांना खटकलं. शिक्षा तुरुंगाची असते, समुपदेशनाची कशी?

आधी खटल्यापुरतं. दुसऱ्यांची नावं पुढे करून मर्यादेपेक्षा जास्त निवडणूक-देणगी दिल्याचं डिसूझाने कबूल केलं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याला पाच वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे अटी पाळून तुरुंगाबाहेर राहणं), त्यातले आठ महिने देखरेखीच्या केंद्रात मुक्काम, ३०,००० डॉलर दंड आणि दर आठवड्याला समुपदेशन असा निकाल मिळाला. सरकारवर टीका करतो म्हणून आपल्याला गाठलं, हा त्याचा दावा न्यायाधीशांनी मानला नाही. (२०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्याला माफी दिली, ती पुढची गोष्ट.) समुपदेशन ही परिवीक्षेतली अट होती, तेव्हा काटेकोर लिहायचं तर ‘समुपदेशनाची अट घातली’. यजमान जिंकले.

पण अगदीच नाही. शिक्ष् म्हणजे शिकणे. हिंदीत शिक्षा शाळेतच राहिली, मराठीत ती तुरुंगापर्यंत गेली. आमची मामी साताऱ्याहून लग्न होऊन इंदुरात आली, तेव्हा ‘जिला शिक्षा अधिकारी’ ही पाटी वाचून म्हणाली, “अगंबाई, अख्ख्या जिल्ह्याला?” आणि समुपदेशनाच्या पोटात तर उपदेश बसलेलाच आहे. उपदेशाचे आपण डोस पाजतो. ‘डोकं ठिकाणावर आणतो’ हे डॉक्टर म्हणाला तर धीर, फौजदार म्हणाला तर धमकी.

फरक कळतो तो क्रियापदात. उपचार घेतात, शिक्षा भोगतात. शिवाय शिक्षेला मुदत असते. उपचार कधी संपले हे डॉक्टर सांगणार. सोव्हिएत राजवटीने नेमकी हीच फट वापरली. मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेंको यांनी क्रिमियातून हाकललेल्या तातारांची बाजू घेतली, म्हणून १९६९ मध्ये त्यांना ताश्कंदला पकडलं. तिथल्या डॉक्टरांनी ते ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग मॉस्कोच्या सर्ब्स्की या मानसोपचार संस्थेत दुसरी तपासणी झाली, आणि निदान निघालं: व्यक्तिमत्त्वाचा विकार, सोबत ‘सुधारणेच्या कल्पना’. कोर्टाने सक्तीच्या उपचारांचा हुकूम काढला. सुटका १९७४ मध्ये. पुढे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, तर आजार सापडला नाही.

आता आपला ‘सुधारणा’ हा शब्द बघा. आगरकर मागत होते ती सुधारणा, आणि राउंडवर आलेला डॉक्टर ‘पेशंटमध्ये सुधारणा आहे’ म्हणतो तीही सुधारणाच. समाजात सुधारणा हवी म्हणणाऱ्या जनरलमध्येच सुधारणा घडवायची होती! या बाबतीत रशियनपेक्षा मराठी जास्त बोलकी आहे, असं मला उगाचच वाटतं.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे दार लावून घेतलं आहे: समाजात रूढ असलेली राजकीय वा नैतिक मूल्यं पटत नाहीत, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

तर ताई, डिसूझापुरती ‘अट’ लिहा. ग्रिगोरेंकोंवर लिहाल तेव्हा मात्र ‘उपचारांची शिक्षा’च लिहा, आणि तिथे यजमानांचं ऐकू नका.