फोनवर नुसतं ‘हं’

मुलगी अकरावीत आहे. नीटच्या क्लाससाठी लातूरला राहते. रोज रात्री साडेनऊला फोन करतो, तर ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवू का?’ एवढंच. आधी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत सगळं सांगायची. आमचं काय चुकलं?
– एक वडील, अंबाजोगाई

दादा, मागच्या आठ दिवसांचे फोन आठवा आणि तुमचे पहिले तीन प्रश्न कागदावर लिहा. बहुतेक घरांत ते असे निघतात : टेस्टला किती पडले, पहिला कोण आला, जेवलीस का. ज्या दिवशी 720 पैकी 380 पडले, त्या दिवशी या तीन प्रश्नांना ‘हं’शिवाय उत्तर नसतं. शिवाय रूममध्ये तिघी, बोलायला कोपरा नाही, आणि साडेनऊ ही तुमची सोयीची वेळ. तिची कोणती, ते तिलाच विचारा.

कमी बोलणं म्हणजे दुरावा, असंही धरू नका. या वयात गप्पा मैत्रिणींकडे सरकतातच. किशोरांचं आईवडिलांशी नातं मोजायला 1987 साली एक प्रश्नावली तयार झाली, ती आजही वापरतात. तिच्यात विश्वास, संवाद आणि परकेपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतात. म्हणून तुम्ही एवढंच बघा : बिघडलेल्या दिवशी ती आपणहून फोन करते का? करत असेल तर धागा शाबूत आहे.

नसेल करत, तर मार्कांचा विषय रविवारवर ढकला. रोजचा फोन पाच-सात मिनिटांचा ठेवा आणि सुरुवात तुमच्याकडून करा. म्हैस व्याली, तुरीला शेंगा धरल्या, आजीनं डॉक्टरशी भांडण काढलं, काहीही चालेल. फक्त फीचा हिशेब नको. ‘तुझ्यासाठी एवढे ओतले’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की कमी मार्क लपवायला सुरुवात होते.

वाईट बातमी आली तर पहिली दोन मिनिटं ना उपाय, ना ‘मी म्हणतच होतो’. ‘मी येऊ का, की नुसतं ऐकू?’ असं विचारा. डबा घेऊन गेलात तर तिच्यादेखत सरांना गाठून चौकशी करू नका. तिला घेऊन चालत निघा. समोरासमोर बसून जे निघत नाही ते शेजारी चालताना निघतं.

बिघडतं ते असं : वडील चार दिवस बदलतात, पाचव्या दिवशी ‘बरं, मार्क?’ येतंच. तीही सुरुवातीला संशयानं बघेल. महिनाभर तरी नेटानं करा. मधे चुकून ओरडलात, तर दुसऱ्या दिवशी ‘काल मी चुकलो’ एवढं म्हणा. ‘पण तू पण…’ जोडू नका.

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं निघालं, तर त्याच दिवशी गाडी धरा, तिला एकटं ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

आम्ही दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातो, गुढीपाडव्याच्या आसपास माघारी. पंधरा वर्षांचं पोरगं आजीपाशी राहतं. आल्यावर आमच्याकडं बघत बी नाही, सगळं आजीलाच विचारतं.
– एक आई, धारूर

ताई, आजीचा लळा तुमच्या वाट्यातून कापून गेलेला नसतो. लेकरू एकापेक्षा जास्त माणसांना धरून वाढतं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी वर्षभराच्या बाळांना आईपासून काही मिनिटं दूर ठेवून पाहिलं. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, यावरून त्यांनी नातं ओळखलं. पंधराव्या वर्षीही परतीचे दिवस असेच नाजूक.

पाच-सहा महिने त्यानं पाणी भरलं, रेशन आणलं, आजीच्या गोळ्या सांभाळल्या. तुम्ही आल्या आल्या केस, मोबाइल, मित्र यावर बोललात की तो आजीमागं जातो. पहिले पंधरा दिवस घराचे नियम त्याचेच चालू द्या. घर कसं चालवलं ते त्याला विचारा, आणि एखादं काम त्याच्याकडून शिकून घ्या.

जाताना तो झोपेत असताना निघू नका. जायची तारीख आधी सांगा. तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार्जिंगची बोंब असते, म्हणून रोजच्या फोनचं कबूल करू नका. बुधवार आणि रविवार म्हणा, पण ते चुकवू नका.

मुलाचा मोबाइल गुपचूप तपासावा का?
– एक वाचक, परभणी

नाही. स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास 2000 साली छापून आला. आईवडिलांना मुलांविषयी जे ठाऊक असतं, ते पाळतीतून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त, असं त्यात दिसलं. गुपचूप तपासणी उघडी पडली की हे सांगणंच थांबतं, आणि पासवर्ड बदलतो तो वेगळा. कोणी धमकावत असेल, पैसे किंवा फोटो मागत असेल, तर तपासा. पण त्याला सांगून, त्याच्याशेजारी बसून.