अल्गोरिदमच्या विषयाला प्रोग्रॅमिंग पुरेल का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढील सत्रात अल्गोरिदम हा विषय आहे. प्रोग्रॅमिंग मला बऱ्यापैकी जमते; तेवढ्यावर निभावेल का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : निभावणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अल्गोरिदम म्हणजे एखादा प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीने मांडलेली कृती. प्रोग्रॅम चालतो की नाही यापेक्षा तो प्रत्येक वेळी बरोबर उत्तर का देतो आणि माहिती वाढत गेली की त्याला किती पायऱ्या लागतात, हे या विषयात सिद्ध करावे लागते. अकारविल्हे लावलेल्या १० लाख नावांत एक नाव ओळीने शोधल्यास १० लाख तुलना लागू शकतात, तर दर वेळी यादी निम्मी करत गेल्यास सुमारे २० पुरतात.

खरी कसोटी ‘ग्रीडी’ पद्धतीपाशी, म्हणजे दर पायरीला त्या क्षणी सर्वांत चांगला दिसेल तो पर्याय घेण्यापाशी लागते. आपल्या १, २, ५, १० आणि २० रुपयांच्या नाण्यांत दर वेळी बसेल ते सर्वांत मोठे नाणे उचलले, तर कमीत कमी नाण्यांत रक्कम भागते. परंतु नाणी १, ३ आणि ४ रुपयांची असती, तर ६ रुपयांसाठी हीच पद्धत ४, १, १ अशी तीन नाणी देईल, जेव्हा ३ आणि ३ अशी दोनच पुरली असती. अशा ठिकाणी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे लहान भागांची उत्तरे नोंदवून त्यांवरून पूर्ण उत्तर काढण्याची पद्धत लागते आणि (नाव भारदस्त असले तरी) ते पाठांतराने येत नाही. कागदावर तक्ते भरूनच येते.

सुट्टीत सिद्धतांसाठी गणिती विगमन (मॅथेमॅटिकल इंडक्शन) आणि पायऱ्या मोजण्यासाठी लॉगॅरिदम यांची उजळणी करावी. नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकण्याची गरज नाही.