जहाज कोणत्या वाटेनं जायचं, हे ठरवतं कोण?

प्रश्न : ताई, मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं बघते. बी.कॉम. झालंय, वय पंचवीस. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, त्यामुळे आमचे रॉटरडॅमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. मी नुसती ट्रॅकिंग बघून मालकांना नवी तारीख सांगायचे. हे सगळं जे ठरवतात त्यांच्यात मला बसायचंय. पुण्यातलं एक खासगी कॉलेज लॉजिस्टिक्सच्या एमबीएचे नऊ लाख सांगतंय, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतंय. घरचे म्हणतात, गोदामात काम करायला एमबीए कशाला, आणि हे मुलींचं क्षेत्र नाही. घेऊ का प्रवेश?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : शिकायला जरूर जा. नऊ लाख भरायची मात्र घाई करू नकोस.

जहाज सुएझ कालव्यातून न्यायचं की आफ्रिकेच्या टोकाशी केप ऑफ गुड होपला वळसा घालून, हे शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपनी, ठरवते. तिथं भल्याभल्या निर्यातदारांचं चालत नाही. पण लाइननं वाट बदलली की इकडे निर्णयांची रांग लागते. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबणार, तर कोणत्या बागेचा माल तेवढा तग धरेल? रीफर, म्हणजे थंड कंटेनर, किती आधी बुक करायचे? कोणता माल युरोपला न पाठवता देशातच विकायचा? दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना युरोपला जायला सुएझ लागतच नाही आणि त्यांचा हंगाम आपल्या हंगामात मिसळतो. मग आपला माल उशिरा पोचला तर भाव काय धरायचा? तुला जिथं बसायचंय ते टेबल हे आहे. सप्लाय चेन प्लॅनिंग, म्हणजे माल कुठून, कधी, किती आणि कुठं न्यायचा याचं नियोजन. तिथं पोचायला पदव्युत्तर शिक्षणाचा खरंच उपयोग होतो, कारण ते काम आकड्यांचं आहे.

एक उदाहरण देते. १ जुलै २०१७ च्या आधी कित्येक कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात एकेक गोदाम ठेवायच्या. दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा. माल स्वतःच्याच गोदामात हलवला तर लागायचा नाही. म्हणजे गोदाम कुठं असावं हे गिऱ्हाईक नाही, कर ठरवत होता. जीएसटी आला आणि ते कारणच संपलं. वीस छोटी गोदामं ठेवायची की भिवंडीसारख्या ठिकाणी चार मोठी? चार ठेवली तर भाडं वाचेल, पण ट्रक लांब पळतील. साठा किती कमी होईल? हे सगळं मांडून उत्तर काढणारी माणसं कंपन्यांना हवी होती, अजूनही हवी आहेत. चांगल्या अभ्यासक्रमात हेच करायला शिकवतात. बाकी बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) कशाला म्हणतात, शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद) कुठं भरतात, यासाठी तुला वर्ग कशाला हवा? ते तूच त्यांना शिकवशील.

म्हणून कॉलेज पारखताना इमारत बघू नकोस. अभ्यासक्रमात संख्याशास्त्र किती आहे, लिनियर प्रोग्रॅमिंग (मर्यादा सांभाळून कमीत कमी खर्चाचा पर्याय काढायचं गणित) आहे का, पूर्वानुमान आणि साठ्याचं गणित एक्सेलवर करून घेतात का, ते बघ. शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेट आणि सरळ विचार : मागणी रोज कमीजास्त होते, माल यायला लागणारा काळ चौपट झाला, तर सुरक्षित साठा, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून ठेवलेला जादा माल, किती पट ठेवायचा? उत्तर चौपट नाही, साधारण दुप्पट. चढउतार एकमेकांना कापतात, म्हणून साठा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हे ज्याला फळ्यावर समजावून देता येईल त्याच्याकडे शिक. (तुझ्या द्राक्षांना हे सूत्र लावू नकोस हो. नाशवंत माल साठवून धरता येत नाही, त्याचं गणित वेगळं.)

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात ना, मग मागच्या बॅचची यादी माग. कंपनीचं नाव सोड, हुद्दा आणि पगार वाच. ‘ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे बऱ्याचदा रात्रपाळीत गोदामात उभं राहून स्कॅनिंगवर नजर ठेवणं. काम वाईट नाही, पण त्यासाठी नऊ लाख घालवायची गरज नाही.

पर्याय आहेत. पवईची जुनी नीटी ही संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. उत्पादन आणि पुरवठा साखळी या विषयांत तिचं नाव जुनं आहे, पण कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि ती कठीण आहे. सिम्बायोसिसची ऑपरेशन्सची संस्था तुझ्या नाशकातच आहे, तिथं स्नॅप ही प्रवेश परीक्षा लागते. फी मात्र विचारून घे. राज्याची एमबीए सीईटी दिलीस तर पुणे विद्यापीठाच्या एमबीएत ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचं स्पेशलायझेशन घेता येतं. मी तुझ्या जागी असते तर आधी ही सीईटी दिली असती. आणि नोकरी सोडणं जमणारच नसेल, तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा काम करता करता होतो.

कागदांचीच बाजू जास्त आवडत असेल तर वाट निराळी. कस्टम्स ब्रोकर, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणारा अधिकृत दलाल, याच्या लायसन्सची परीक्षा असते, लेखी आणि तोंडी. पदवीबरोबर एमबीएसारखी पदवी किंवा जी-कार्डधारक (ब्रोकरकडचा, कस्टम्सची परीक्षा पास झालेला कर्मचारी) म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव असेल तर बसता येतं. एमबीए केलंस तर हे दारही उघडं राहील.

‘मुलींचं क्षेत्र’ : मी चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नियोजनात होते, तिथं आम्ही बायकाच जास्त होतो. ट्रक रात्री दोनला अडला तर फोन येतो, तो बाईला येतो तसाच बुवालाही. त्याआधी न्हावा शेवाकडे काम करायचे, तेव्हा काही यार्डांत बायकांचं स्वच्छतागृह शोधत फिरावं लागायचं, हे मात्र खरं. नोकरी घेताना ते विचारायला लाजू नकोस.

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, दोन वर्षं नोकरी झाली. सप्लाय चेनमध्ये मास्टर्स करायला रॉटरडॅमला जायचं म्हणतो. कर्ज काढावं का?
– एक पालक, लातूर

उत्तर : जागा त्यानं विचार करून निवडलेली दिसते. रॉटरडॅम हे युरोपातलं सर्वांत मोठं बंदर आणि तिथल्या इरॅस्मस विद्यापीठात या विषयाचं एका वर्षाचं मास्टर्स आहे. आधी इंजिनिअरिंगच्या पदवीवर थेट प्रवेश मिळतो का, हे त्यांच्या अटींत बघून घ्या. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो. नियोजनाच्या कामात इंग्रजीवर बरंच निभतं. गोदामातल्या माणसांशी बोलायचं तर डच लागेल, ती इथूनच सुरू करायला सांगा. कर्जाचा हप्ता आजच काढून ठेवा, आणि तो नेदरलँड्सच्या नव्हे, पुण्यातल्या पगारातून फिटतो का ते मुलाला समोर बसवून मांडा.